वर्गणी आज, गरज पन्नास वर्षांनी

अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याकडून आयरीन ट्रिपलेट नावाच्या बाईंना दरमहा ७३ डॉलर १३ सेंट मिळत. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका वृद्धाश्रमात त्या राहत. पेन्शन होती ती वडिलांनी केलेल्या लष्करी चाकरीबद्दल. यात नवल ते काय, असं कुणी म्हणेल. नवल आहे ते वडिलांच्या युद्धात. मोझ ट्रिपलेट लढले अमेरिकेच्या यादवी युद्धात. ते युद्ध संपलं १८६५ साली, म्हणजे आपल्याकडच्या १८५७ च्या उठावाला जेमतेम आठ वर्षं झाली होती तेव्हा. आणि आयरीनबाई वारल्या ३१ मे २०२० रोजी, करोनाच्या पहिल्या लाटेत. युद्ध थांबल्यावर १५५ वर्षं त्या युद्धाचे पैसे सरकारी तिजोरीतून जात होते!

हिशेब जुळतो तो असा. मोझरावांनी उतारवयात दुसरं लग्न केलं, बायको वयानं सुमारे पन्नास वर्षांनी लहान, आणि १९३० मध्ये मुलगी झाली तेव्हा बापाचं वय ८३. मुलीला बौद्धिक अपंगत्व होतं, त्यामुळे सज्ञान झाल्यावरही तिचा हक्क बंद झाला नाही. गंमत अशी की मोझराव आधी दक्षिणेच्या बंडखोर फौजेत होते. गेटिसबर्गच्या लढाईआधी तिथून ते पळाले आणि पुढे उत्तरेकडून लढले. पळाले नसते, तर मोझरावांना केंद्र सरकारची पेन्शन मिळालीच नसती.

हे टोकाचं उदाहरण झालं, पण त्यामागचा नियम मात्र अजिबात टोकाचा नाही. हार्वर्ड विद्यापीठातल्या लिंडा बिल्म्स यांनी अमेरिकेच्या युद्धांचा दीर्घकालीन खर्च मांडला आहे. त्यांच्या मांडणीनुसार पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांना अपंगत्वाच्या भरपाईपोटी सर्वांत जास्त पैसे द्यावे लागले ते १९६९ मध्ये. युद्ध संपलं होतं १९१८ ला. म्हणजे माणूस चंद्रावर उतरला त्या वर्षी अमेरिकेचं सरकार फ्रान्सच्या खंदकांमधल्या जखमांची सर्वांत मोठी किंमत मोजत होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या खर्चाचा कळस १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात गाठला गेला. बंदुका थांबल्या की खर्च थांबेल अशी आपली सरळ समजूत असते. प्रत्यक्षात तो तिथून पुढे चाळीस-पन्नास वर्षं चढतच जातो.

का चढतो? बावीस वर्षांच्या एका पोराचा डावा पाय गुडघ्याखाली गेला आहे असं समजा. पहिली दोन-तीन वर्षं शस्त्रक्रिया, कृत्रिम पाय, चालायची सवय. मग तो उभा राहतो, नोकरी धरतो, लग्न करतो, आणि तीस वर्षं कुणाकडे काही मागत नाही. पण या तीस वर्षांत सगळा भार उजव्या पायावर आणि कमरेवर पडत आलेला असतो. चांगल्या माणसाचा गुडघा सत्तरीत कुरकुरतो, याचा पन्नाशीतच जातो. कंबर जाते. कृत्रिम पाय तर दर काही वर्षांनी बदलावाच लागतो आणि वजन वाढलं की जुना बसत नाही. तोफांच्या आवाजानं थोडे अधू झालेले कान साठीत पार बंद होतात. नोकरीच्या धबडग्यात दाबून ठेवलेल्या रात्रीच्या आठवणी निवृत्तीनंतर, हाताला काम नसताना, डोकं वर काढतात. इतकी वर्षं सांभाळणारी बायकोही आता म्हातारी झालेली असते. जखम एकच, तीही जुनी, पण तिची बिलं वयाबरोबर येत राहतात.

सरकारचं एक बरं असतं. लोकांना युद्ध आठवो वा न आठवो, कर भरावाच लागतो. पण माजी सैनिकांसाठी काम करणाऱ्या सेवाभावी संस्था चालतात लोकांच्या मर्जीवर, आणि लोक देतात ते मन हललेलं असताना. शवपेट्या विमानातून उतरताना दिसतात, टीव्हीवर कोवळ्या विधवेचा चेहरा येतो, त्या महिन्यात धनादेशांचा पाऊस पडतो. आपल्याकडचा पाऊसही चार महिन्यांचाच असतो, पण निदान तहान त्याच वर्षाची असते. इथे पाऊस पहिल्या दोन वर्षांत पडून जातो आणि टंचाई उगवते चाळिसाव्या वर्षी. मधल्या काळात पाणी कुठे ठेवायचं आणि किती, हा या संस्थांच्या अर्थकारणातला खरा प्रश्न. त्यांचे ताळेबंद वाचताना हा एक प्रश्न हाताशी ठेवला की रुक्ष आकडेही बोलायला लागतात.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न १९२१ साली एका फुलानं सोडवला, किंवा सोडवत आणला असं म्हणू.

महायुद्ध जिंकून अडीच वर्षं झाली होती आणि बेकारांचा आकडा वीस लाखांवर गेला होता. छातीवर पदकं लावून रस्त्याच्या कडेला आगपेट्या विकणारे माजी सैनिक हे लंडनमधलं रोजचं दृश्य झालं होतं. सैनिकांच्या चार वेगवेगळ्या संघटना आपापसांत भांडत होत्या. त्या १५ मे १९२१ रोजी एकत्र आल्या आणि ब्रिटिश लीजन ही संस्था जन्माला आली. ‘रॉयल’ हे बिरुद तिला पन्नास वर्षांनी, १९७१ मध्ये मिळालं. अध्यक्ष झाले फील्ड मार्शल डग्लस हेग, म्हणजे सोमच्या लढाईचे सेनापती. ज्यांच्या हुकमांवरून ही माणसं जायबंदी झाली तेच त्यांच्या संस्थेचे अध्यक्ष, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. पण हेगसाहेबांच्या बाजूनं एक गोष्ट नोंदवायला हवी. जखमी सैनिकांच्या पेन्शनची व्यवस्था होईपर्यंत स्वतःसाठी कोणताही किताब घ्यायला त्यांनी नकार दिला होता.

संस्था झाली, पैसे कुठून आणायचे? उत्तर घेऊन आल्या आना गेरँ नावाच्या एक फ्रेंच बाई. तांबड्या पॉपीची कापडी फुलं विकून त्या युद्धग्रस्त फ्रान्ससाठी निधी गोळा करत. पॉपी हे आपल्या खसखशीच्या कुळातलं रानफूल. त्याचं बी जमिनीत वर्षानुवर्षं निजून राहतं आणि माती वरखाली झाली की एकदम उगवतं. तोफगोळ्यांनी उत्तर फ्रान्स आणि बेल्जियमची जमीन नांगरून निघाली तेव्हा तिथे मैलोगणती हीच फुलं फुलली होती. कॅनडाचे लष्करी डॉक्टर जॉन मॅक्रे यांच्या १९१५ च्या कवितेमुळे ती जगभर माहीत झाली, आणि ती कविता वाचून मोइना मायकल या अमेरिकी शिक्षिकेनं १९१८ मध्ये स्मरणासाठी पॉपी लावायची प्रथा सुरू केली. फूल अमेरिकेतून फ्रान्समार्गे लंडनला पोचलं.

लीजननं ९० लाख फुलं मागवली. ११ नोव्हेंबर १९२१ ला ती हातोहात गेली आणि १ लाख ६ हजार पौंडांच्या वर रक्कम जमली. तेव्हा एका पौंडाला २४० पेन्स होते. भागाकार केला तर एका फुलामागे सरासरी तीन पेन्सदेखील पडत नाहीत. दोन वर्षांपूर्वी संसदेनं हेग यांना एकट्याला विजयाबद्दल बक्षीस दिलं होतं १ लाख पौंड. म्हणजे सरकारनं एका सेनापतीला दिलं जवळजवळ तेवढंच जनतेनं पेन्सा-पेन्सानं लाखो सैनिकांसाठी जमवलं. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की त्या काळाबद्दल बरंच काही कळतं.

मला मात्र यात सर्वांत हुशारीची वाटते ती एक साधी गोष्ट. पॉपीला किंमत नाही. डबा पुढे येतो, तुम्ही त्यात हवं ते टाकता, कुणी पेनी तर कुणी नोट, आणि फूल सगळ्यांना एकच मिळतं. छातीवर फूल लागलं की तुम्ही किती दिलेत ते कुणाला कळत नाही, पण फूल नसलं तर काही दिलं नाहीत हे सगळ्या गल्लीला कळतं. इतका स्वस्त आणि इतका परिणामकारक तगादा दुसरा नसेल. विकणारे स्वयंसेवक, त्यामुळे पगार नाही. आणि मोहीम बांधली गेली ती एखाद्या ताज्या लढाईला नव्हे, तर कॅलेंडरावरच्या तारखेला. युद्ध विसरलं जातं, नोव्हेंबर दर वर्षी येतो. आटत जाणाऱ्या स्मृतीला दर वर्षी पंधरा दिवसांचा पावसाळा लावून देण्याची ही युक्ती शंभर वर्षं टिकली आहे.

दुसऱ्या वर्षी आणखी एक पाऊल पडलं. मेजर जॉर्ज हाउसन यांनी १९२२ मध्ये दोन हजार पौंडांच्या मदतीवर लंडनच्या ओल्ड केंट रोडवर एका छोट्या जागेत पाच अपंग सैनिकांना घेऊन फुलं बनवायला सुरुवात केली. फ्रान्समधून फुलं मागवायची आणि इथल्या सैनिकांना मदत वाटायची, त्यापेक्षा फुलंच त्यांच्याकडून करून घ्यायची. फुलाची रचना अशी की एकच हात असलेल्या माणसालाही ते जुळवता यावं. कागदी पाकळ्या, देठ, मधे काळं बटण. पाकळी बसली, बटण दाबलं, फूल तयार. धंदा चालेल याची खुद्द हाउसनना फारशी खात्री नव्हती. आईवडिलांना त्यांनी तसं लिहिलंही होतं. पण काही वर्षांतच कारखान्याला रिचमंडला मोठ्या जागेत जावं लागलं. स्कॉटलंडसाठी लेडी हेग यांनी १९२६ मध्ये एडिंबरामध्ये वेगळा कारखाना काढला. तिथल्या पॉपीला चार पाकळ्या असतात आणि पान नसतं, अजूनही. आणि त्या काळ्या बटणावर ‘हेग फंड’ ही अक्षरं १९९४ पर्यंत होती. सेनापती जाऊन तोवर सहासष्ट वर्षं झाली होती.

जमाखर्चाच्या नजरेनं पाहा: देणगीतून मजुरी निघाली, मजुरीतून माल निघाला, मालातून पुढची देणगी निघाली. आणि ज्याला मदत करायची तो याचक न राहता पगारी कामगार झाला.

याच वेळी आपल्याकडेही काही घडत होतं, त्याची आठवण फारशी निघत नाही. मेसोपोटेमिया, फ्रान्स, पूर्व आफ्रिका इथून हातपाय गमावून परतलेले हिंदी सैनिक मुंबई बंदरात उतरत होते. मुंबईच्या गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानं त्यांच्यासाठी १९१७ मध्ये क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल सुरू झालं, म्हणजे ओल्ड केंट रोडच्या आधी पाच वर्षं. शेतकरी घरातल्या, आता नांगर धरू न शकणाऱ्या माणसाला बसून करता येईल असं हातचं काम शिकवणं हा त्यामागचा विचार. पुढे ही संस्था पुण्याजवळ खडकीला गेली आणि आजही तिथे आहे. पहिल्या महायुद्धासाठी काढलेली शाळा नंतरच्या प्रत्येक युद्धातल्या जखमींना शिकवत राहिली.

पण ब्रिटनकडे परत येऊ, कारण पॉपीनंही सगळं भागत नाही. नोव्हेंबरात डब्यात पडलेले पैसे त्या वर्षीच्या मदतीला जातात. दूरच्या टंचाईसाठी दुसरं काहीतरी लागतं, आणि ते येतं अनपेक्षित दारानं. आयुष्यभर पॉपी लावणारी एखादी आजी मृत्युपत्रात संस्थेच्या नावे काही ठेवून जाते. युद्धानंतर चाळीस-पन्नास वर्षांनी, म्हणजे नेमकी गरज शिगेला पोचलेली असताना, युद्ध पाहिलेली देणगीदारांची पिढीही जग सोडू लागते आणि मृत्युपत्रांतून पैसा येऊ लागतो. कुणी हे ठरवून केलेलं नाही. घेणारे आणि देणारे एकाच काळात जन्मले, म्हणून दोघांचं म्हातारपणही एकाच वेळी आलं.

या सगळ्यात एक भलतीच अडचण लीजनला अलीकडे कळली. आपण ज्यांच्यासाठी आहोत ती माणसं किती, हे नेमकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ब्रिटिश जनगणनेत कधी विचारलंच गेलं नव्हतं की तुम्ही सैन्यात होतात का. लीजननं त्यासाठी मोहीम चालवली आणि २०२१ च्या जनगणनेत तो प्रश्न पहिल्यांदा आला. उत्तर: इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे साडेअठरा लाख माजी सैनिक, त्यातले निम्म्याहून अधिक पासष्टीच्या पुढचे. त्यांच्यातल्या अनेक म्हाताऱ्यांनी लढाई पाहिलेलीही नाही. ब्रिटनमध्ये शांततेच्या काळातही तरुणांना सक्तीची लष्करी सेवा करावी लागे आणि त्या भरतीतले शेवटचे जवान १९६३ मध्ये घरी गेले. दोन वर्षांची सक्तीची चाकरी, आणि तिच्या नावावर साठ वर्षांनी संस्थेच्या दारात उभं राहण्याचा हक्क. संस्थेला पुढच्या वीस वर्षांचं अंदाजपत्रक मांडायचं तर हा आकडा आधी हवा. तो मिळायला शंभर वर्षं लागली.

आता अटलांटिकपलीकडची आणि आपल्या डोळ्यांदेखत घडलेली कथा. तिचा जमाखर्च तर एखाद्या कादंबरीपेक्षा कमी रंजक नाही. अमेरिकेत अशा संस्थांना दर वर्षी प्राप्तिकर खात्याकडे ‘फॉर्म ९९०’ नावाचं विवरणपत्र भरावं लागतं आणि ते कुणालाही वाचता येतं. प्रमुखाचा पगार, परिषदांवरचा खर्च, सगळं उघड्यावर.

वूंडेड वॉरियर प्रोजेक्ट २००३ मध्ये व्हर्जिनियातल्या रोनोक गावी सुरू झाला. भांडवल काय, तर पाठीवरच्या पिशव्या. इराक-अफगाणिस्तानातून जखमी होऊन इस्पितळात आलेल्या जवानाजवळ स्वतःचं काहीच नसे. कपडे तर फाडून काढलेले असत. त्याच्या खाटेपाशी नेऊन ठेवायची पिशवी: मोजे, दाढीचं सामान, पत्त्यांचा कॅट, घरी फोन करायचं कार्ड. एवढंच. यापेक्षा नेमकी मदत मला तरी सुचत नाही.

बारा वर्षांनी, २०१५ मध्ये या संस्थेचं वार्षिक उत्पन्न ३७ कोटी डॉलरांच्या वर गेलं होतं. टीव्हीवरच्या जाहिरातीत महिन्याला १९ डॉलर मागितले जात आणि देणारे बहुतांश पासष्टीपुढचे छोटे देणगीदार होते. जानेवारी २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि सीबीएस या दोघांनी एकाच आठवड्यात बातम्या फोडल्या: विमानप्रवास, महागडी हॉटेलं, कोलोरॅडोमधल्या एका आलिशान रिसॉर्टमध्ये सगळ्या कर्मचाऱ्यांचं संमेलन. संमेलनाचा खर्च नंतर संस्थेनंच सांगितला, जवळपास पावणेदहा लाख डॉलर. मार्चमध्ये संचालक मंडळानं दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांना काढलं. देणग्या कोसळल्या; पुढच्या दोन वर्षांतच वार्षिक उत्पन्नातले दहा कोटींहून अधिक डॉलर गेले. नव्या प्रमुखाला, निवृत्त लेफ्टनंट जनरल मायकल लिनिंग्टन यांना, सुमारे १५ टक्के नोकरकपात करावी लागली.

बातमी रिसॉर्टची गाजली, पण मला त्यातली दुसरीच बाब जास्त वेधक वाटली. संस्था म्हणत होती, आमचे ८० टक्के पैसे सैनिकांच्या कामावर जातात. संस्थांचं मूल्यमापन करणारी चॅरिटी नॅव्हिगेटर म्हणत होती, जेमतेम ६० टक्के. हिशेबतपासनीस तेच, वह्या त्याच, मग वीस टक्के गेले कुठे? एका पाकिटात. देणगी मागणारं पत्र तुमच्या घरी येतं. त्यात दोन परिच्छेद पैसे मागणारे आणि एक परिच्छेद जखमी जवानांच्या मानसिक त्रासाची माहिती देणारा, मदतीच्या फोन नंबरासकट. मग छपाई आणि टपालाचा खर्च निधीसंकलनात धरायचा की जनजागृतीत? अमेरिकी हिशेबशास्त्राचे नियम काही अटींवर तो दोन्हींत वाटून टाकायला परवानगी देतात. जनजागृती हे संस्थेचं काम आहे, तेव्हा तेवढा वाटा ‘सैनिकांवर खर्च’ या रकान्यात जातो. यात बेकायदा काही नाही. फक्त १९ डॉलर पाठवणाऱ्या आजोबांना वाटलेलं असतं की आपले पैसे एखाद्या जवानाच्या औषधाला गेले, आणि ते गेलेले असतात शेजारच्या आजोबांना पत्र पाठवायला.

तरीही टक्केवारीची ही कसोटी मला फारशी पटत नाही. समुपदेशकाचा पगार कामात धरायचा आणि त्याच्या टेबल-खुर्चीचा आस्थापना खर्चात? आस्थापना खर्च शून्यावर आणलेली संस्था बहुधा कामही शून्यावर आणते. रिसॉर्टचा बचाव कुणी करू नये, पण त्या गदारोळात एका आरोपानं मात्र लोकांची पार उलटी दिशाभूल केली. आरोप असा, की संस्थेकडे सुमारे २४ कोटी ८० लाख डॉलर शिल्लक पडून आहेत. जखमी जवान वणवण करताहेत आणि हे गंगाजळी धरून बसलेत, असा सूर होता.

आता पाणी कुठे ठेवायचं आणि किती, हा मघाचा प्रश्न इथे लावू. या संस्थेची एक योजना मेंदूला जबर इजा झालेल्या जवानांसाठी आहे. ते एकटे राहू शकत नाहीत. बहुतेकांना आईवडील किंवा बायको सांभाळते. सांभाळणारं माणूस गेलं तर जवानाला कायमचं शुश्रूषागृहात ढकललं जाऊ नये, यासाठी संस्थेनं एक स्वतंत्र न्यास काढून त्यात पैसे बाजूला ठेवले. २००५ मध्ये वीस वर्षांचा असताना जखमी झालेला मुलगा २०५० मध्ये पासष्टीचा होईल. आई २००५ मध्ये पंचेचाळीसची असेल तर २०५० मध्ये नव्वदीची. तो बाका प्रसंग येईल तेव्हा इराक युद्ध शाळेच्या पुस्तकात एका परिच्छेदापुरतं उरलं असेल, आणि १९ डॉलर पाठवणारे आजोबा केव्हाच गेले असतील. मग त्या मुलाचे पैसे २०१५ मध्ये नाही साठवायचे तर कधी? गंगाजळी फार झाली हा आरोप खरा की खोटा हे ठरवायला एका वर्षाचा ताळेबंद पुरत नाही. पस्तीस वर्षं पुढचा लागतो, आणि तो टीव्हीच्या बातमीत मावत नाही. संस्थेनंही हे लोकांना नीट समजावलं नाही, हेही खरं. रिसॉर्टमध्ये संमेलन भरवणाऱ्याच्या तोंडून काटकसरीचं तत्त्वज्ञान ऐकायला कोण बसणार?

भारतात चित्र वेगळं आहे, कारण इथे मुख्य भार पेन्शनचा आणि तो सरकारवर. पण पॉपीची युक्ती आपणही उचलली आहे. २८ ऑगस्ट १९४९ रोजी संरक्षणमंत्र्यांच्या समितीनं ठरवलं की दर वर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळायचा: लाल, गडद निळा आणि आकाशी अशा तीन पट्ट्यांचे, तिन्ही दलांचे, चिमुकले कागदी झेंडे वाटायचे आणि डब्यात पैसे घ्यायचे. शाळेत छातीला टाचणीनं झेंडा लावून घेतलेल्या पिढीला ते आठवत असेल. वेगवेगळे जुने निधी १९९३ मध्ये एकत्र करून सशस्त्र सेना ध्वजदिन निधी झाला. महाराष्ट्रात त्याची यंत्रणा अस्सल मराठी सरकारी थाटाची आहे. प्रत्येक जिल्ह्याला संकलनाचा ‘इष्टांक’ ठरवून दिला जातो, जिल्हाधिकारी तो तालुक्यांना आणि खात्यांना वाटून देतात, आणि डिसेंबरात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या कार्यक्रमात वीरमाता-वीरपत्नींच्या सत्कारासोबत इष्टांक ओलांडणाऱ्या कार्यालयांचाही सत्कार होतो. पॉपीवाल्यांनी लाजेवर भिस्त ठेवली, आपण परिपत्रकावर.

लोकांच्या मदतीची जागा अजूनही असते, कारण पेन्शनच्या जाळ्यातून काही माणसं निसटतातच. पेन्शनला पात्र होण्याइतकी नोकरी न भरलेले, विशेषतः दुसऱ्या महायुद्धाच्या भरतीत आलेले. त्यांच्यातल्या वृद्ध निराधारांना संरक्षण मंत्रालयाच्या निधीतून दरमहा ४,००० रुपये मिळत; २०२५ मध्ये ते ८,००० झाले. महाराष्ट्र सरकारही दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना वेगळं मासिक अनुदान देत आलं आहे. ते युद्ध १९४५ ला संपलं आहे, बरं का.

आणि छोटी देणगी नेमक्या वेळी पडली तर काय होतं, याचं उदाहरण सांगली जिल्ह्यातलंच आहे. मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कंबरेखाली अधू झाले. उपचार म्हणून पोहायला लागले. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकला जायचं तर तिकिटाला पैसे हवे होते. ते क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेनं उभे केले. पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये विश्वविक्रमासह सुवर्णपदक आणलं. सरकारची पद्मश्री आली २०१८ मध्ये, शेहेचाळीस वर्षांनी. विमानाच्या तिकिटासाठी तेवढं थांबता आलं नसतं.

१९६५ आणि १९७१ चे जखमी आज ऐंशीच्या आसपास आहेत. कारगिलचे जखमी मात्र अजून पन्नाशीत आहेत. त्यांचे शाबूत पाय आता कुठे कुरकुरायला लागले असतील. १९९९ च्या उन्हाळ्यात गल्लोगल्ली मदतीचे डबे फिरत होते, शाळकरी मुलं खाऊचे पैसे देत होती, वर्तमानपत्रं देणगीदारांच्या याद्या छापत होती. पहिल्या महायुद्धाच्या खर्चाचा कळस यायला एक्कावन्न वर्षं लागली होती. तोच हिशेब ढोबळमानानं इथे लावला तर कारगिलचा कळस २०५० च्या सुमाराला येतो, आणि आपण अजून अर्ध्या वाटेच्या जरासेच पुढे आहोत.